चरबीचा डबा

गेल्या महिन्यात विहारात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही बीपी आणि साखर तपासणी ठेवली होती. ज्यांना चालत येता येत नाही त्यांच्याकडे दुपारी घरोघर गेलो. एका घरी सत्तरीच्या मावशींच्या दंडाला पट्टा बांधत होते. बाजूलाच ओटा, ओट्यावर मीठ-मिरचीचे डबे. माझी नजर तिकडे गेली तसा मावशींनी मोकळा हात लांबवून एक स्टीलचा डबा परातीमागे सारला. मी विचारलं, "काय आहे मावशी त्यात?" त्या म्हणाल्या, "काई नाई बाई." सून तोंडाला पदर लावून हसली. मग मावशी हळूच बोलल्या, "डुकराची चरबी हाये. आता तुमी रागावसान."

बीपी 150 वर 90 आला. पण आकड्यापेक्षा ते "रागावसान" माझ्या जास्त लक्षात राहिलं. मी काही बोलायच्या आधीच निकाल लागलेला होता. अंगावर पांढरा कपडा असलेली बाई घरात आली की ओट्यावरून काय उचलून लपवायचं, हे आपल्या बायांना पक्कं ठाऊक आहे. आणि ते त्यांना शिकवण्यात माझाही हात आहे.

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नोकरीला लागले तेव्हाची गोष्ट. हार्ट अटॅक आलेला एक पेशंट वॉर्डात होता, पंचेचाळीसचा, हमाली करणारा. त्याची बायको डब्यात भाकरी आणि चरबीत परतलेली भाजी घेऊन आली. मी झाकण उघडून वास घेतला आणि सगळ्या वॉर्डासमोर तिला म्हटलं, "हेच खाऊन नवऱ्याला इथे आणलंत." ती बाई काही बोलली नाही. डबा परत पिशवीत ठेवला. तो माणूस रोज खर्ऱ्याच्या चार-पाच पुड्या खायचा, वर विडी ओढायचा, त्याचा बीपी कधी कुणी तपासलाच नव्हता. हे सगळं त्याच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं. ते वाचायचं सोडून मी डबा हुंगत बसले. त्याच वॉर्डात भिंतीवर आहाराचा तक्ता होता, त्यात "साजूक तूप : एक चमचा" असं छापलेलं होतं. चरबी हा शब्द त्या तक्त्यात कुठे नव्हताच, ना चांगला म्हणून, ना वाईट म्हणून. तक्ता करणाऱ्याच्या घरात ती वस्तू नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

तर यावेळी डुकराच्या चरबीविषयी नीट बोलू या. ज्यांच्या घरी ती कधीच नव्हती किंवा ज्यांनी सोडली त्यांनीही वाचावं, कारण यातलं बरंचसं तेलालाही लागू आहे.

आधी आकडे. 100 ग्रॅम चरबीतून जवळपास 900 कॅलरी मिळतात. तेवढ्याच तेलातून किंवा तुपातूनही जवळपास तेवढ्याच मिळतात. म्हणजे "तेल हलकं, चरबी जड" हा नुसता समज आहे. चरबीत प्रथिनं नाहीत, लोह नाही, साखर नाही. ती निव्वळ स्निग्ध पदार्थ आहे. प्रश्न एवढाच की त्यातला स्निग्धांश कोणत्या जातीचा. (इथेही जात आलीच!)

स्निग्धांशाचे ढोबळ प्रकार दोन. एक, जो थंडीत थिजतो, त्याला डॉक्टर संपृक्त म्हणतात, सॅच्युरेटेड. हा जास्त झाला की रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल वाढतं आणि हृदयाच्या नळ्यांत थर साचायला मदत होते. दुसरा, जो पातळच राहतो, तो असंपृक्त. हा त्यामानाने हृदयाला सोसतो. कोणत्याही तेला-तुपात हे दोन्ही कमी-जास्त असतात. डुकराच्या चरबीत 100 ग्रॅमला साधारण 39 ग्रॅम संपृक्त असतं, उरलेल्यातलं 45 ग्रॅमच्या आसपास शेंगदाणा तेलात किंवा ऑलिव्हच्या तेलात असतं त्या प्रकारचं, आणि 11 ग्रॅम करडई-सूर्यफुलासारखं. आता शेजारी बाकीचे ठेवा. लोण्यात संपृक्त 50 ग्रॅमच्या वर, साजूक तुपात 60 च्या घरात, खोबरेल तेलात 80 च्या पुढे. पामतेलात 40 ते 50 च्या दरम्यान. शेंगदाणा तेलात 17-18, सोयाबीनच्या तेलात 15, सूर्यफुलात 10 च्या आसपास.

हे आकडे सावकाश वाचा. ज्या तुपाला देवाच्या ताटात जागा आहे, ते हृदयाच्या हिशेबात चरबीपेक्षा जड आहे. 2022 च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत जो आनंदाचा शिधा दिला त्यात एक लिटर पामतेल होतं. ते घरी आणताना कुणाला लाज वाटली नाही, पिशवी हातात धरून फोटो काढले. संपृक्ताच्या मापाने पामतेल आणि चरबी जवळपास एकाच पायरीवर उभ्या आहेत. मग ओट्यावरून लपवायला लागतो तो एकच डबा का, हा प्रश्न आरोग्याचा नाही. पण तो आरोग्याच्या कपड्यात येतो, म्हणून या पानावर लिहावा लागतो.

कोलेस्ट्रॉलचंही सांगते. 100 ग्रॅम चरबीत ते 95 मिलिग्रॅम असतं, म्हणजे पोह्याच्या एका मोठ्या चमच्यात बारा-तेरा. एका अंड्यात 180 च्या वर असतं. आणि तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत "कोलेस्ट्रॉल नाही" असं जे छापतात, त्याला भुलू नका. वनस्पतीपासून काढलेल्या कोणत्याच तेलात ते नसतं. पाण्याच्या बाटलीवर "यात दारू नाही" असं लिहिण्यातला तो प्रकार आहे.

पण म्हणून उद्या कुणी मोबाईलवर पाठवलं की चरबी अमृत आहे, तिने हृदय मजबूत होतं, तर तेही पुढे पाठवू नका. तुपापेक्षा बरी म्हणजे औषध नव्हे. संपृक्त स्निग्धांश कमी करून त्या जागी पातळ तेलातला घेतला तर हृदयरोगाचा धोका कमी होतो, हे पक्कं आहे. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, मोहरी ही तेलं रोजच्या स्वयंपाकाला चरबीपेक्षा चांगली. उन्हात फिरणाऱ्या डुकराच्या चरबीत ड जीवनसत्त्व असतं असंही सांगतात. असतं, पण चमचाभर चरबीतून मिळतं ते नगण्य. त्यासाठी सकाळी दारात उन्हात बसणं स्वस्त पडतं.

ज्याला मी खरंच घाबरते तो डबा वेगळाच आहे. आपल्या घरांतून चरबी गेली ती बऱ्याचदा तेलाला जागा करून देऊन नव्हे, तर वनस्पती तुपाला. पिवळा डबा आला, तो शहरी होता, पाहुण्यासमोर ठेवता येत होता. पातळ तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात, आणि त्यात ट्रान्स फॅट नावाचा प्रकार तयार होतो. तो वाईट कोलेस्ट्रॉल वाढवतोच, वर चांगलं कोलेस्ट्रॉल घटवतो. चरबीत तो नावापुरता असतो. जुन्या वनस्पती तुपात भरपूर असायचा. 1983 साली वनस्पती तुपात परदेशी गाईची चरबी मिसळल्याचं उघड झालं तेव्हा देशभर केवढा गहजब झाला होता! धर्म बुडाला म्हणून लोक खवळले. त्याच डब्यात चाळीस-पन्नास वर्षं जे ट्रान्स फॅट होतं त्याबद्दल तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही. सरकारी नियमाने तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर यायला जानेवारी 2022 उजाडावा लागला. आजही गाडीवरचे, बेकरीतले स्वस्त तळलेले पदार्थ आणि पुन्हा पुन्हा तापवून काळं पडलेलं तेल हे माझ्या यादीत चरबीच्या डब्याच्या वर आहेत.

आता किती खावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात बैठं काम करणाऱ्या बाईला वरून घातलेलं तेल-तूप दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास पुरे, आणि जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला 40 ग्रॅमपर्यंत चालतं. घरात पाच माणसं धरा आणि सरासरी 25 ग्रॅम. महिन्याला पावणेचार किलो. यात तेल, तूप, डालडा, चरबी सगळं मिळून आलं. वस्तीत मी ज्या ज्या घरी विचारलं तिथे नुसतं तेलच पाच-सहा किलो निघालं, आणि रविवारच्या मटणावरचा तवंग वेगळा. पूर्वी चरबी खाणारी माणसं धडधाकट होती असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा मी त्यांना विचारते, तेव्हा ती किती वेळा मिळायची? आणि ती खाऊन माणसं बसून राहायची का? चरबी महिन्यातून एखाद्या वेळी मिळायची आणि बारा तास कामात जिरायची. आज आपली मुलं मोटरसायकलवर जातात आणि खुर्चीवर बसतात. पदार्थ तोच, पण खाणाऱ्याचं शरीर आणि दिवस बदलला.

ज्याला अटॅक येऊन गेलाय, ज्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली आहे, ज्याचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं आहे, त्याच्या ताटात चरबी आणि तूप दोन्ही नको. मटण खायचं असेल तर चरबी काढून टाकलेले, नुसत्या मांसाचे दोन-तीन तुकडे. पित्ताशयात खडे असतील तर तेलकट कोणतंही खाल्लं की पोटात कळ उठते, तिथेही चरबी बंद. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नये. साखरेच्या पेशंटला बंदी नाही, पण त्याचं हृदय आधीच धोक्यात असतं, म्हणून त्याचं माप धाकट्या चमच्याचं. बाकी धडधाकट माणसाने आठवड्यातून एक-दोनदा चरबीत केलेली भाजी खाल्ली, आणि त्या वेळी तेल वेगळं घातलं नाही, तर त्यात भिण्यासारखं काही नाही. चरबी तेलाच्या जागी घ्यायची, तेलावर वाढीव नव्हे.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः स्निग्ध पदार्थ घाला म्हणून मागे लागते. सहा महिन्यांच्या वरचं, वजन न भरणारं मूल. त्याचं पोट मुठीएवढं. नुसती पातळ पेज भरून ते भरतं, पण त्याला ताकद मिळत नाही. त्याच्या वाटीभर खिचडीत चहाचा एक चमचा तेल, तूप किंवा चरबी घातली तर चाळीसेक कॅलरी वाढतात आणि वाटी तेवढीच राहते. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय अंगी लागत नाहीत. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर नुसतं उकडून देण्यापेक्षा थोडं परतून दिलेलं चांगलं ते याचसाठी. घरात तूप परवडत नाही म्हणून मुलाला कोरडंच भरवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. ओट्यावर चरबीचा डबा असायचा, पण ती मुलाला देण्यासारखी वस्तू आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

चरबी कढवण्याची पद्धत माझी आजी करायची तीच सांगते, कारण हल्ली बऱ्याच जणी खाटकाकडून आणून थेट कढईत टाकतात आणि मग घरभर वास सुटला म्हणून नाक मुरडतात. जनावराच्या अंगात चरबी दोन-तीन ठिकाणी असते. गुर्द्याभोवतीची सगळ्यात पांढरी, ठिसूळ आणि वास नसलेली. पाठीची कातडीखालची घट्ट, तीही चांगली. आतड्यांभोवतीची जाळी मऊ असते, पण तिला वास जास्त आणि ती लवकर खराब होते. खाटकाला पहिल्या दोनच मागा. मांसाचे धागे आणि रक्ताचे डाग काढून टाका, कारण वास तिथूनच येतो. बोराएवढे बारीक तुकडे करा. जाड बुडाच्या पातेल्यात पेलाभर पाणी घालून तुकडे टाका आणि अगदी मंद आचेवर ठेवा. पाणी घालायचं ते चरबी सुटायच्या आधी तुकडे करपू नयेत म्हणून. हळूहळू पाणी उडून जातं, चरबी वितळून वर येते. आधी बुडबुडे मोठे आणि आवाज करणारे असतात, मग बारीक होतात आणि शांत होतात. शांत झाले की पाणी संपलं असं समजायचं. तुकडे सोनेरी होऊन तळाशी जायला लागले की गॅस बंद. आजी शेवटी ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या टाकायची. निवत आली की कोरड्या फडक्यातून गाळून घ्या. थिजल्यावर दुधासारखी पांढरी दिसली तर जमली. पिवळी-तपकिरी झाली तर आच जास्त झाली, आणि धूर निघेपर्यंत तापली असेल तर ती टाकलेलीच बरी.

एक किलो कच्च्या चरबीतून पाऊण किलोच्या आसपास निघते. डबा कोरडा हवा, चमचाही कोरडा. पाण्याचा एक थेंबही तिला नासवतो. तेलात ई जीवनसत्त्व असतं, ते त्याला खवट होण्यापासून बरंच वाचवतं. चरबीत ते फारसं नसतं, म्हणून ती उजेडात आणि उन्हाळ्यात लवकर खवट होते. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा ओट्यावरची चरबी थिजतच नाही, पाण्यासारखी डुचमळते. तेव्हा फ्रीज असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, नसेल तर उन्हाळ्यात करूच नका. जुन्या वहाणेसारखा किंवा रंगासारखा वास आला की फेकून द्या. दिव्यात जाळा हवं तर.

गाळल्यावर मागे राहिलेले करकरीत तुकडे. आम्ही पोरं यासाठी चुलीभोवती बसून असायचो. गरम असताना त्यावर मीठ आणि लाल मिरची भुरभुरायची, नाहीतर लसूण-मिरचीच्या ठेच्यात ओबडधोबड कुटून ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचं. मीठ मात्र जपून. बीपीवाल्यांचं नुकसान चरबीपेक्षा या मिठानेच लवकर होतं.

चरबीची चव कुठे लागते ते सांगते. अंबाडीची भाजी आंबट आणि कोरडी असते, ती कण्यांबरोबर शिजवून वरून लसणाची फोडणी चरबीत दिली की जी जमते ती कोणत्याही तेलात जमत नाही. बेसन आणि झुणका मऊ होतो. शिळी भाकरी कुस्करून चरबीत कांदा-मिरची घालून परतली की सकाळचा नाश्ता. कडधान्याच्या घुगऱ्यांवर एक चमचा सोडला की पुरे. डुकराच्या मटणाला तर तेल घालायची गरजच नाही, आणि इथेच आपण चुकतो. आधी चरबीचे तुकडे कोरड्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा, त्यातून सुटेल त्यातच कांदा आणि वाटण परता, मग मांस घाला. शिजल्यावर तवंग चमच्याने काढून वाटीत ठेवा. तो दुसऱ्या दिवशीच्या भाजीला होतो. सावजी हॉटेलसारखा बोटभर तर्री तरंगायला हवा असा हट्ट असेल तर मग माझं काही म्हणणं नाही, विहारात बीपी तपासायला या. चरबीत जवसासारखं ओमेगा-3 जवळपास नसतंच. आपल्या विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असते, ती ताटात राहू द्या.

आणि हे काही फक्त आपल्याच वस्तीचं खाणं नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सणाला डुकराचं सोरपोतेल लागतं, कोडगूत पंदी करी लागते, जर्मनीत चरबी पावाला लावून खातात, मेक्सिकोत मक्याच्या पिठात ती मळतात. तिथे तिला कुणी खालचं समजत नाही. आपल्याकडे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं खाणं पाककृतींसकट लिहून ठेवलं. ते 2015 साली आलं. त्याआधी आपल्या ताटाची नोंद मराठी पाककृतींच्या पुस्तकांत शोधूनही सापडत नव्हती.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही, आणि ती चरबीपेक्षा महत्त्वाची आहे. पट्टकृमी. उघड्यावर फिरणारं डुक्कर माणसाची विष्ठा खातं. त्या विष्ठेत पट्टकृमीची अंडी असली तर डुकराच्या मांसात साबुदाण्यासारखे पांढरट, पाणीदार दाणे तयार होतात. असं मांस कच्चं राहून आपल्या पोटात गेलं की आतड्यात लांबच लांब पट्टीसारखा कृमी वाढतो. कढवलेल्या चरबीत ही भीती नाही, कारण तेवढ्या आचेत काही जिवंत राहत नाही. मांसाचं मात्र आतपर्यंत गुलाबीपण गेलं पाहिजे. कुकर सगळ्यात चांगला. निखाऱ्यावर वरवर भाजलेले तुकडे दारूबरोबर खातात, तिथे खरा धोका आहे. मांसात दाणे दिसले तर घेऊच नका.

याहून वाईट पुढे आहे. ज्याच्या आतड्यात तो कृमी आहे, त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातावरून, भाजीवरून, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात गेली तर किड्याच्या गाठी मेंदूत होतात आणि माणसाला फिट येतात. म्हणजे फिट येणाऱ्या माणसाने डुक्कर खाल्लेलं असेलच असं नाही. कधीही मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. "डुक्कर खातात म्हणून फिट येतात" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा, आणि स्वतः साबणाने हात धुवा, पालेभाजी धुऊन घ्या, मुलांना संडासातच बसवा. शौचात पांढऱ्या चपट्या फिती दिसल्या तर सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करा. दुकानातून जंताची गोळी आणून स्वतः घेऊ नका. मेंदूत गाठी असताना ते औषध देखरेखीशिवाय घेतलं तर सूज वाढते. मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली तर चप्पल हुंगवत बसायचं नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, आणि दवाखान्यात नेऊन डोक्याचा स्कॅन करायला सांगायचं. वस्तीतल्या एका मुलाचं लग्न "त्याला लागीर आहे" म्हणून मोडलं. स्कॅनमध्ये एक गाठ निघाली, औषधाने गेली. त्याला ते कळायला तीन वर्षं लागली.

हा लेख लिहितेय म्हटल्यावर विहारातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मला विचारलं, बौद्धांच्या मासिकात डुकराची चरबी कशाला? प्रश्न वाजवी आहे. ज्यांनी धम्म म्हणून मांस सोडलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, माझी धाकटी बहीणही खात नाही. पण विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा खंधक आहे, त्यात आजारी भिक्खूंसाठी तथागतांनी ज्या चरब्यांना औषध म्हणून परवानगी दिली त्यांत अस्वल, मासा यांच्याबरोबर सूकराच्या चरबीचंही नाव आहे. वेळेत घ्यावी, वेळेत शिजवावी, अशी अटही आहे. चुंदाने वाढलेलं सूकरमद्दव म्हणजे डुकराचं कोवळं मांस की आणखी काही, यावर पंडितांचे वाद चालू आहेत, ते चालू देत. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ते गावकीच्या लाचारीतून सुटण्यासाठी होतं, आणि नर्स म्हणून मी म्हणेन, जिवासाठीही होतं. त्याचा अर्थ पुष्कळांनी "जे ते खात नाहीत ते आपणही खाऊ नये" असा लावला. तो अर्थ त्यात नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये तर त्यांनी गरजेपोटी मारणं आणि मारण्याच्या हौसेने मारणं यांत फरक केलेला आहे. ज्यांना सोडायचंय त्यांनी करुणेने सोडावं, हृदयासाठी सोडावं. शेजाऱ्याच्या नाकासाठी सोडू नये, एवढंच मी त्या काकांना म्हटलं. ते पटलं असं ते म्हणाले नाहीत. पण लेख छापू नका असंही म्हणाले नाहीत.

त्या वॉर्डातल्या बाईची माफी मागायला मी पुढे तिच्या वस्तीत गेले होते. ते लोक खोली सोडून गेले होते.

मावशींकडे मात्र परवा पुन्हा गेले. बीपीची गोळी सुरू झालीय, त्या दिवशी 138 वर 84 होता. लोणचं आणि पापड बंद केलेत, त्याचं त्यांना चरबीपेक्षा जास्त दुःख आहे. मी गेले तेव्हा डबा ओट्यावर पुढेच होता. मी झाकण उघडून पाहिलं, पांढरी शुभ्र होती. सुनेने विचारलं, "ताई, बाळाच्या खिचडीत किती घालू?" बाळ नऊ महिन्यांचं, वजन सहा किलो दोनशे. मी चहाचा चमचा मागितला आणि तिला माप दाखवलं. आणि बाळाला घेऊन बुधवारी अंगणवाडीत ये, वजन परत करायचं आहे, असं सांगून आले.